मांजराची लघवी तुंबणे आणि किडनीचा आजार: काय ओळखावे, काय करावे

आधी हे वाचा: तुमचा बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जाऊन बसत असेल, कुंथत असेल, ओरडत असेल आणि लघवी अजिबात होत नसेल किंवा जेमतेम थेंब पडत असतील, तर हा लेख नंतर वाचा. रात्र असली तरी आत्ताच पशुवैद्यांना फोन करा आणि बोक्याला घेऊन निघा. सकाळपर्यंत थांबू नका.

दवाखान्यात येणारी एक नेहमीची तक्रार अशी असते: "डॉक्टर, दोन दिवस झाले, बोक्याला शी होत नाही. नुसता कुंथतोय. इसबगोल दिले, एरंडेल दिले, काही उपयोग नाही." तपासायला घेतले की पोटात मोसंबीएवढा टणक गोळा हाताला लागतो. तो गोळा म्हणजे तुंबलेले मूत्राशय. शी अडलेली नसते, लघवी अडलेली असते. बसण्याची आणि कुंथण्याची ढब दोन्हीकडे सारखीच दिसते, म्हणून घरच्यांची फसगत होते आणि मोलाचे तास बद्धकोष्ठाच्या उपायांत निघून जातात.

मांजरांचे लघवीचे आजार ढोबळमानाने दोन प्रकारचे आहेत. लघवी तुंबणे हा तासांचा खेळ आहे. किडनीचा दीर्घकालीन आजार हा वर्षांचा आहे. पहिल्यात धावायचे असते, दुसऱ्यात सांभाळायचे असते. दोन्हींत पहिली खबर मात्र एकाच ठिकाणी मिळते: मांजराच्या लघवीच्या ट्रेमध्ये.

लघवी कशी तयार होते आणि कुठे अडते?

दोन किडन्या रक्त गाळून लघवी तयार करतात. प्रत्येक किडनीतून एक बारीक मूत्रवाहिनी निघते आणि मूत्राशयाला मिळते. मूत्राशयातून मूत्रमार्गाने लघवी बाहेर पडते. मांजरीचा मूत्रमार्ग आखूड आणि तुलनेने रुंद असतो. बोक्याचा मात्र लांब असतो आणि शेवटच्या टोकाला फारच अरुंद होतो. म्हणूनच मूत्रमार्ग तुंबण्याचा त्रास बहुतेक वेळा बोक्यांनाच होतो. मांजरींमध्ये तो क्वचित दिसतो.

लघवी का तुंबते?

• मूत्राशयाच्या आतल्या अस्तराची सूज. तरुण आणि मध्यमवयीन मांजरांत हे सर्वांत जास्त आढळते. जंतू सापडत नाहीत, खडा सापडत नाही, पण मूत्राशय सुजलेले असते. मानसिक ताणाशी याचा जवळचा संबंध आहे.
• चिकट बोळा. सुजलेल्या अस्तरातून निघालेला चिकट स्राव, पेशी आणि बारीक स्फटिक एकत्र येऊन मूत्रमार्गात बुचासारखे बसतात.
• मुतखडे. मांजरांत मुख्यतः दोन प्रकारचे असतात. स्ट्रुव्हाइटचे खडे विशेष आहाराने विरघळू शकतात. कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे आहाराने विरघळत नाहीत.
• मूत्रमार्गाच्या स्नायूंचा आकस. यात प्रत्यक्ष काहीही अडकलेले नसते, तरी मार्ग आवळला गेल्याने लघवी अडते.

घरातच राहणारे, वजन वाढलेले, फक्त कोरडे खाणे खाणारे आणि कमी पाणी पिणारे बोके यांना धोका जास्त असतो. घर बदलणे, रंगकाम, नवे मांजर किंवा नवे बाळ घरात येणे, दिवाळीचे फटाके, गणपतीतले ढोल अशा बदलांनंतर त्रास सुरू झाल्याचे अनेकदा दिसते. माणसाला किरकोळ वाटणारा बदल मांजराला मोठा असू शकतो.

लक्षणे कशी वाढत जातात?

सुरुवातीला:
• दर थोड्या वेळाने ट्रेमध्ये जाणे, बराच वेळ बसून राहणे
• थेंब थेंब लघवी, कधी रक्ताची
• लघवीच्या जागेला सतत चाटणे
• लादीवर, बाथरूममध्ये, सिंकमध्ये, अंथरुणावर बसून प्रयत्न करणे
• कुंथताना ओरडणे, पोटाला हात लावू न देणे

पूर्ण तुंबल्यानंतर:
• खाणे बंद, उलट्या
• कोपऱ्यात किंवा पलंगाखाली लपून बसणे
• मलूल होणे, अंग थंड पडणे, उभे राहता न येणे

मूत्रमार्ग पूर्ण बंद झाला की लघवीचा दाब मागे किडनीपर्यंत पोहोचतो. रक्त गाळले जात नाही. साधारण २४ ते ४८ तासांत शरीरातील विषारी घटक वाढू लागतात. सर्वांत घातक ठरते ते पोटॅशियम. ते वाढले की हृदयाचे ठोके मंदावतात, अनियमित होतात आणि हृदय बंद पडू शकते. उपचार न मिळाल्यास काही दिवसांतच मृत्यू येतो. कुंथणे आणि ओरडणे थांबून बोका शांत पडला, तर त्याला बरे वाटते आहे असे समजू नका. बहुधा त्याची ताकद संपत आलेली असते.

तुमचे मांजर बाहेर जाऊन लघवी करत असेल तर हे सगळे तुमच्या नजरेस पडणारच नाही. शंका आली की त्याला ट्रेसह एका खोलीत ठेवा आणि लक्ष द्या. निरोगी मांजर दिवसातून साधारण दोन ते चार वेळा लघवी करते. बोका तासाभरात चार-पाच वेळा ट्रेमध्ये बसला आणि वाळू कोरडीच राहिली, तर आणखी वाट पाहण्याचे कारण नाही.

घरी काय करू नये?

• पोट दाबून लघवी काढण्याचा प्रयत्न करू नका. ताणलेले मूत्राशय फुटू शकते.
• लघवी सुटावी म्हणून जबरदस्तीने पाणी, जवाचे पाणी, गोखरूचा किंवा पुनर्नव्याचा काढा पाजू नका. पुढचा रस्ता बंद असताना मागून भर घातली तर दाब वाढतोच.
• माणसांच्या लघवीच्या गोळ्या देऊ नका. कारण तेच.
• वेदनेसाठी पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांपैकी काहीही देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. बाकीची दोन औषधे किडनीला इजा करतात.
• उरलेले अँटिबायोटिक देऊन पाहू नका. तरुण मांजरांत या त्रासामागे जंतुसंसर्ग क्वचितच असतो.

बोक्याला टॉवेलमध्ये गुंडाळून झाकणाच्या टोपलीत, कॅरियरमध्ये किंवा हवेसाठी भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून न्या. निघण्यापूर्वी फोनवर दोन प्रश्न विचारा: "मांजराचा कॅथेटर आहे का? भूल देऊन तो घालण्याची सोय आहे का?" जवळचा दवाखाना मुख्यतः गाई-म्हशींसाठी असेल तर कदाचित तो नसेल. तरीही तिथले डॉक्टर पोटातून सुई घालून मूत्राशय रिकामे करू शकतात आणि पुढच्या प्रवासासाठी वेळ मिळवून देऊ शकतात. महाराष्ट्रात परळ, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे जुने पशुरुग्णालयही आहे. तुमच्या भागात रात्री कोण उपलब्ध असते, हे आजच विचारून नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा.

दवाखान्यात काय उपचार होतात?

आधी जीव स्थिर केला जातो. सलाइन लावतात, रक्तातील पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासतात. पोटॅशियम फार वाढले असेल तर हृदयाच्या संरक्षणासाठी आणि पोटॅशियम उतरवण्यासाठी इंजेक्शने देतात. मग भूल देऊन मूत्रमार्गात कॅथेटर घालतात, अडथळा मागे ढकलून मार्ग मोकळा करतात आणि मूत्राशय धुतात. एक्स-रे किंवा सोनोग्राफीने खडे आहेत का ते पाहतात.

कॅथेटर साधारण एक ते तीन दिवस ठेवावा लागतो. मार्ग मोकळा झाल्यावर काही बोक्यांना प्रचंड लघवी होते. तेवढे पाणी सलाइनने भरून काढावे लागते. "लघवी सुटली ना, मग घरी नेतो" असे म्हणून घाई करू नये, ते याचसाठी. वेळेत उपचार मिळालेल्या दहा बोक्यांपैकी साधारण नऊ बरे होऊन घरी जातात.

खर्च ही खरी अडचण असते. ती लपवू नका, पहिल्याच भेटीत सांगा. दाखल करून कॅथेटर ठेवणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. तो शक्य नसेल तर काही निवडक बोक्यांत वेदनाशामक, स्नायू सैल करणारी औषधे आणि सुईने मूत्राशय वारंवार रिकामे करणे, असा प्रयत्न करता येतो. यश कमी असते, पण काहीच न करण्यापेक्षा ते बरे.

घरी आल्यावर पहिला आठवडा-दोन आठवडे पुन्हा तुंबण्याचा धोका अधिक असतो. रोज किती वेळा आणि किती लघवी झाली याची नोंद ठेवा. वारंवार तुंबत असेल तर शस्त्रक्रियेने मूत्रमार्गाचा अरुंद भाग काढून रुंद तोंड तयार करतात. त्यानंतर पूर्ण तुंबणे बरेच कमी होते, मात्र मूत्राशयाची सूज आणि खडे होण्याची प्रवृत्ती राहू शकते.

पुन्हा होऊ नये म्हणून

• ओला आहार द्या. ओल्या खाण्यात सुमारे ७५ ते ८० टक्के पाणी असते, कोरड्यात सुमारे १० टक्के.
• पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी, ट्रेपासून लांब ठेवा. पसरट भांडे आणि रोज ताजे पाणी मांजरांना आवडते.
• जितकी मांजरे त्याहून एक ट्रे जास्त ठेवा. ट्रे रोज साफ करा.
• वजन आटोक्यात ठेवा, रोज थोडा वेळ खेळवा.
• फटाक्यांच्या दिवसांत एक शांत, बंद खोली आणि लपायला जागा द्या.
• खड्याचा प्रकार तपासूनच विशेष आहार सुरू करा.

एका छुप्या अडथळ्याविषयी

खडा कधी मूत्रमार्गात नव्हे, तर किडनीपासून मूत्राशयाकडे येणाऱ्या मूत्रवाहिनीत अडकतो. तेव्हा दुसरी किडनी काम करत असल्याने लघवी होत राहते आणि कोणाला संशय येत नाही. खाणे कमी होते, उलट्या होतात, वजन घटते. हे बोका आणि मांजरी दोघांतही होते. त्या बाजूची किडनी हळूहळू निकामी होते. पुढे दुसऱ्या बाजूला खडा अडकला की मांजर अचानक गंभीर होते. "कालपर्यंत बरे होते" असे वाटणाऱ्या मांजरातही डॉक्टर सोनोग्राफी सुचवतात, त्यामागे हे कारण असते.

किडनीचा दीर्घकालीन आजार

हा मुख्यतः म्हाताऱ्या मांजरांचा आजार आहे. दहा वर्षांवरील मांजरांपैकी साधारण तीनांत एकाला तो आढळतो. किडनीतील गाळण्या एकेक करून कायमच्या बंद पडतात. त्या पुन्हा तयार होत नाहीत.

येथे सर्वांत मोठा गैरसमज असा: "भरपूर पाणी पिते, भरपूर लघवी होते, म्हणजे किडनी उत्तम आहे." प्रत्यक्षात उलट असते. निरोगी मांजर फार दाट लघवी करते. किडनीची सुमारे दोन तृतीयांश क्षमता गेली की लघवी दाट करण्याची ताकद संपते. पातळ लघवी खूप होते आणि ती तूट भरून काढायला मांजर जास्त पाणी पिते. मधुमेह आणि थायरॉइडच्या आजारातही असे होते, म्हणून तपासणी लागतेच.

इतर लक्षणे:
• पाठीचा कणा हाताला लागेल इतके वजन घटणे
• भूक मंदावणे, खाण्याजवळ जाऊन परत फिरणे
• उलट्या, तोंडाला दुर्गंधी, तोंडात फोड
• केस निस्तेज होणे, अंग चाटून साफ न करणे
• बद्धकोष्ठ

मांजर अचानक भिंतीला, खुर्चीला धडकू लागले आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्याच राहिल्या, तर रक्तदाब वाढून दृष्टी गेलेली असू शकते. त्याच दिवशी दाखवा.

तपासण्या आणि टप्पे

रक्तातील क्रिएटिनिन, फॉस्फरस, पोटॅशियम आणि हिमोग्लोबिन, लघवीची घनता आणि प्रथिने, रक्तदाब, सोनोग्राफी या तपासण्या होतात. क्रिएटिनिन उशिरा वाढते. एसडीएमए ही तपासणी बिघाड त्याआधी दाखवू शकते.

आजाराचे चार टप्पे मानतात. क्रिएटिनिन १.६ मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर पहिला, १.६ ते २.८ दुसरा, २.९ ते ५ तिसरा आणि ५ च्या वर चौथा. टप्पा ठरवताना मांजराच्या शरीरात पुरेसे पाणी असावे लागते. लघवी तुंबलेली असताना किंवा उलट्यांनी अंग सुकलेले असताना आलेला आकडा फसवा असतो. मार्ग मोकळा झाल्यावर तो झपाट्याने खाली येऊ शकतो. एका रिपोर्टवर आशा सोडू नका.

दुसऱ्या टप्प्यात निदान झालेली अनेक मांजरे पुढे दोन-तीन वर्षे चांगली जगतात. चौथ्या टप्प्यात हा काळ बहुधा काही आठवडे ते काही महिने असतो.

उपचार: बरे करणे नव्हे, सांभाळणे

• आहार. कमी फॉस्फरसचा, किडनीसाठी बनवलेला आहार हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. तो आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला. सुके बोंबील, सुकट, हाडे यांत फॉस्फरस जास्त असतो, खारवलेल्या मासळीत मीठही. ते बंद करा. दूध-पोळी हा पर्याय नाही, कारण मांजर मूळचे मांसाहारी आहे.
• उपाशी ठेवू नका. "भूक लागली की खाईल" हा नियम मांजराला लागू नाही. काही दिवस उपाशी राहिल्यास, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून नवा गंभीर आजार होतो. नवे खाणे खात नसेल तर जुने द्या. काहीही न खाण्यापेक्षा कोणतेही योग्य खाणे बरे.
• औषधे. मळमळ आणि भूक यांसाठी, फॉस्फरस बांधून ठेवण्यासाठी, रक्तदाबासाठी आणि लघवीतून जाणाऱ्या प्रथिनांसाठी वेगवेगळी औषधे आहेत. मात्रा फक्त पशुवैद्यच ठरवतील.
• कातडीखाली सलाइन. मानेमागच्या सैल कातडीखाली ठरावीक प्रमाणात सलाइन देणे घरच्यांना शिकता येते. पहिल्यांदा हात थरथरतात, आठवड्याभरात सवय होते. हृदयाचा त्रास असलेल्या मांजरांना ते धोक्याचे ठरू शकते, म्हणून विचारल्याशिवाय सुरू करू नका.

महिन्यातून दोनदा वजन करा. तुम्ही मांजराला घेऊन काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. चार किलोच्या मांजराचे २०० ग्रॅम कमी होणे म्हणजे शरीराचा विसावा भाग जाणे.

किडनी अचानक निकामी करणाऱ्या गोष्टी

लिलीची फुले मांजरासाठी प्राणघातक आहेत. पुष्पगुच्छातील लिली असो की बागेतली डे लिली, पान, पाकळी, अंगावर पडलेले आणि चाटलेले परागकण, इतकेच काय फुलदाणीतले पाणीसुद्धा किडनी निकामी करू शकते. मांजर असलेल्या घरात ही फुले आणूच नका. मांजराने ती खाल्ली असे वाटले तर लक्षणांची वाट न बघता दवाखाना गाठा. गाडीच्या कूलंटमधील एथिलीन ग्लायकॉलही असेच घातक आहे.

पर्शियन मांजर पाळणाऱ्यांसाठी

पर्शियन आणि त्यांच्या संकरित मांजरांत किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आढळतो. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून दोषयुक्त जनुक आले तरी पुरते. जनुकीय चाचणीने किंवा सोनोग्राफीने तो कळतो. आजार असलेल्या मांजरांची पैदास करू नये. पिल्लू विकत घेताना आई-वडिलांचा चाचणी अहवाल मागा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नसबंदीमुळे लघवी तुंबते का?
नसबंदीने मूत्रमार्ग अरुंद होतो असे मोजमापांत आढळलेले नाही. मात्र नंतर वजन वाढते आणि वाढलेले वजन धोका वाढवते. नसबंदी टाळू नका, वजन सांभाळा.

हा आजार घरातल्यांना होतो का?
नाही. लघवी तुंबणे किंवा किडनीचा दीर्घकालीन आजार मांजराकडून माणसाला होत नाही.

मांजराचे डायलिसिस होते का?
जगात मोजक्या केंद्रांत होते. ते मुख्यतः अचानक झालेल्या बिघाडात, किडनी सावरेपर्यंत वेळ मिळवण्यासाठी असते. दीर्घकालीन आजारात तो रोजचा मार्ग नाही.

कधी थांबावे?
हा प्रश्न विचारायला संकोचू नका. रोज रात्री एवढेच लिहा: आज स्वतःहून खाल्ले का, अंग चाटले का, नेहमीच्या जागी येऊन बसले का. वाईट दिवस चांगल्या दिवसांपेक्षा जास्त होऊ लागले आणि औषधांनी फरक पडेनासा झाला, तर दयामरणाबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. असा निर्णय घेणे म्हणजे जबाबदारी टाळणे नव्हे.

लक्षात ठेवा

लघवी होत नाही, तर ताबडतोब दवाखाना. लघवी खूप होते, तर या आठवड्यात तपासणी. सात-आठ वर्षांनंतर दरवर्षी एकदा रक्त, लघवी आणि रक्तदाब तपासून घ्या. आणि ट्रे साफ करताना क्षणभर बघा: आज किती गोळे, किती मोठे, रंग कसा. मांजर आपले दुखणे लपवण्यात पटाईत असते, पण ट्रे काही लपवत नाही.

ही माहिती समजून घेण्यासाठी आहे. तुमच्या मांजराचे निदान आणि औषधांची मात्रा पशुवैद्यांनी तपासूनच ठरवावी.